स्वतःलाच खो

पालवी सुरवसेला ‘थांब’ हा शब्द ऐकू यायचा, पण तो कानावर पडेपर्यंत तिचं काम उरकलेलं असायचं. दुधावरची साय बोटानं उचलून ती तोंडात टाकायची आणि मग विचारायची, “आई, खाऊ का?” वर्गात बाईंचा प्रश्न अर्धा असतानाच तिचं उत्तर पुरं व्हायचं, आणि बहुतेक वेळा ते दुसऱ्याच प्रश्नाचं असायचं. एकदा सुट्टीच्या दिवशी नागेशनं, म्हणजे तिच्या बाबांनी, तिला आपल्या चष्म्याच्या दुकानात नेलं. तो चहा सांगून येईपर्यंत तिनं दुकानातल्या सगळ्या फ्रेमा रंगांप्रमाणे लावून ठेवल्या. त्यांत दुरुस्तीला आलेले गिऱ्हाइकांचे चष्मेही होते. पुढचा आठवडाभर निम्मी बार्शी एकमेकांच्या चष्म्यातून पेपर वाचत होती, असं नागेश मग हसत हसत सगळ्यांना सांगायचा.

ऋतुजाला, पालवीच्या आईला, मात्र हसू यायचं नाही. ती एसटीच्या आगारात गाड्यांचं वेळापत्रक लावायची. डिझेलच्या गाड्या जाऊन विजेवरच्या आल्यापासून ते काम फार नाजूक झालं होतं. कुठली गाडी कधी चार्जिंगला लावायची, कुठल्या घाटात किती वीज जाते, एक गाडी बंद पडली तर तिच्या फेऱ्या कुणी उचलायच्या, हे सगळं तिला एकाच वेळी डोक्यात धरावं लागे. आणि अशा बाईची मुलगी डबा घरी विसरून डब्याची रिकामी पिशवी तेवढी शाळेत घेऊन जायची.

पालवी चौथीत गेली त्या वर्षी तिच्या नवांकुर विद्यालयात ‘सुकाणू’ आलं.

दिसायला तो साधा हेअरबँड होता. शाळेच्या समुपदेशक नाझनीन अत्तार यांनी पालकसभेत तो हातात धरून दाखवला.

“बुद्धी म्हणजे बोटीचं इंजिन समजा,” नाझनीन म्हणाली. “इंजिन नुसतं दमदार असून भागत नाही. बोट कुठं न्यायची, खडक दिसला की कशी वळवायची, हे सुकाणूवरचा माणूस ठरवतो. मेंदूत तो माणूस इथं बसतो.” तिनं स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. “मनात आलं ते लगेच न करता स्वतःला आवरणं, हे त्याचं काम. हातातली गोष्ट संपेपर्यंत ती डोक्यात धरून ठेवणं, हेही त्याचंच. आणि नियम बदलला की जुनं सोडून नव्याप्रमाणे वागायला लावणारा तोच. पण तो जन्मापासून कामावर हजर नसतो. तीन-चार वर्षांच्या वयात हळूहळू रुजू होतो आणि पार पंचविशीपर्यंत शिकत राहतो.”

“आमच्याकडं अजून आलाच नाही मॅडम, चाळिशी उलटली!” मागच्या बाकावरून एक बाप म्हणाला, आणि सभागृह हसलं.

हेअरबँडच्या आतल्या बाजूला बारीक दिवे होते. त्यांचा प्रकाश डोळ्यांना दिसत नसे, पण कपाळाच्या पातळ हाडातून तो आत जाई आणि परत येई. मेंदूचा जो भाग राबतो तिथं ताजं रक्त धावतं, आणि ताज्या रक्तातून परतणारा प्रकाश थोडा वेगळा असतो. त्यावरून सुकाणूवरचा माणूस किती जोर लावतोय, ते समजे. दिव्यांच्या मध्ये मेंदूतल्या विजेच्या सूक्ष्म लहरी टिपणारी टोकं होती. या दोन्हींची सांगड घातल्यावर, आजवर कुठल्याही आईला न कळलेली एक गोष्ट त्या पट्टीला कळू लागली होती. मूल आता उतावळेपणानं काहीतरी करणार, हे ते करण्याच्या क्षणभर आधी. त्या क्षणी पट्टी मुलाच्या कानामागे हलकीच टिचकी मारी. मूल थबके. आणि दिवसभराच्या या कारभाराचा शंभरपैकी एक अंक आईबापांच्या फोनवर सतत दिसत राही.

सुरुवातीची चाचणी टिचकीशिवाय झाली. पडद्यावर आंबा आला की बोट टेकवायचं, फणस आला की हात आवरायचा. पालवीनं आंबे सगळे टिपले आणि फणसही सगळे टिपले. प्रत्येक फणसाला ती “अय्यो!” म्हणायची आणि पुढच्याला पुन्हा बोट टेकवायची. तिचा अंक आला अडतीस. वर्गात सगळ्यांत खालचा.

“चौथीच्या शेवटी पुन्हा मोजणार,” नाझनीननं ऋतुजाला समजावलं. “साठच्या वर असतील ती मुलं पट्टीतून मोकळी. त्यातली पंचाहत्तरच्या वरची पाचवीत शोधवर्गात जातील. तिथं पुस्तकं कमी, स्वतःचे प्रयोग जास्त. बाकीच्यांना पट्टी पुढेही वापरावी लागेल.”

शोधवर्ग हा शब्द ऐकून पालवीचे डोळे केवढे झाले ते ऋतुजानं पाहिलं. तिनं त्याच दिवशी पट्टी घरी आणली.

नंतरचे दिवस ऋतुजाला स्वप्नासारखे वाटले. साय दुधावरच राहू लागली. डबा पिशवीत आणि पिशवी खांद्यावर जाऊ लागली. पालवी काहीतरी करायला झेपावे, कानामागे टिचकी बसे, आणि हात जागच्या जागी थांबे. फोनवरचा अंक पन्नाशी ओलांडून साठीत गेला, दिवाळीपर्यंत ऐंशीला टेकला. नातेवाइकांकडे फराळाला गेल्यावर पालवी चकलीच्या ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसली, तेव्हा ऋतुजाची मोठी जाऊ म्हणाली, “काय गं, आजारी आहे का पोर?”

“आजारी कशाला? शहाणी झालीय,” ऋतुजा म्हणाली, आणि तिनं टेबलाखाली फोन पाहिला. त्र्याऐंशी.

फोन पाहायची तिला चटकच लागली. आगारात बसल्या बसल्या दर थोड्या वेळानं ती अंक बघे. अंक खाली गेला की तिचा जीव खालीवर होई. घरी तर तिनं नियमच केले. जेवताना विनोद नको, अंक उतरतो. झोपायच्या आधी उशांची मारामारी नको, फारच उतरतो. एकदा नागेशनं पालवीला खांद्यावर घेऊन गच्चीभर फिरवलं, तर ऋतुजा फोन हातात घेऊन धावत वर आली.

“नागेश, खाली ठेव तिला! एकावन्न झालेत!”

“अगं, ती हसतेय,” नागेश म्हणाला.

“म्हणून तर!”

नागेशनं पालवीला खाली ठेवलं. त्या रात्री जेवताना त्यानं विचारलं, “ऋतुजा, पोरगी हल्ली काही सांगत नाही, तुझ्या लक्षात आलंय का? शाळेतून आली की नुसती बसते.”

“पूर्वी मधेमधे तोंड घालायची, ते बंद झालंय. चांगलंच आहे की.”

“मधेमधे घालायची, पण घालायची तरी,” नागेश म्हणाला, आणि त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

माघातल्या एका सकाळी पट्टी सुरूच होईना. ती चार्जिंगला लावायला ऋतुजाच विसरली होती. दिवसभर सगळ्या गाड्या चार्जिंगला लावणारी बाई! तिनं पालवीला तसंच तयार व्हायला सांगितलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन बघते तर पालवी दारात उभी. एका पायात बूट, दुसरा हातात.

“अगं, घाल की!”

“आई,” पालवी म्हणाली, “आधी बूट का आधी पाणी भरायचं, ते मला आतून येतच नाहीये. टिचकी कुठंय?”

तिचा आवाज रडवेला होता. पालवी उतावळी होती, धांदरट होती, पण काय करायचं हे तिला आतून येत नाही, असं कधी झालं नव्हतं. उलट नको तितकं यायचं.

ती रजा टाकून पालवीबरोबर शाळेत गेली. नाझनीननं टिचकी बंद ठेवून आंबा-फणसाची चाचणी पुन्हा घेतली. या वेळी अंक आला एकतीस.

नाझनीननं पडदा ऋतुजाकडे वळवला. “मला याची शंका होतीच,” ती म्हणाली. “आणखी काही मुलांचंही असंच दिसतंय. पोर सतत कडेवर असलं की पायांत जोर येत नाही, तसं आहे हे. आवरायचं काम टिचकी करते, त्यामुळे कपाळामागचा माणूस निवांत बसलाय. फोनवर दिसतो तो अंक पट्टीचा आहे, पालवीचा नाही.”

“मग पट्टी काढायची?”

“मी काढा म्हणेन. पण तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. शेवटच्या मोजणीला कुणी पट्टीसकट बसायचं म्हटलं तर संस्थेचा नियम आज तरी आडवा येत नाही. पट्टीसकट ती शोधवर्गात सहज जाईल. काढलीत, तर एकतीसवरून सुरुवात आहे आणि हातात थोडेच महिने.”

ऋतुजानं सवयीनं फोन काढला. नाझनीन हसली. “एक करा. आजचा दिवस पट्टी तुम्ही घाला. मोठ्यांच्या मापाची आहे माझ्याकडे. टिचकी चालू ठेवते.”

“मी? मला कशाला?”

“गंमत म्हणून.”

ऋतुजानं पट्टी डोक्यावर चढवली. आपला अंक नव्वदीच्या खाली यायचाच नाही, अशी तिची खात्री होती. ती पालवीला रिक्षात बसवून घरी निघाली. रिक्षा सुरू झाली तशी पालवी म्हणाली, “आई, काल ना मैदानावर…”

“डबा खाल्ला होतास का काल?” असं विचारायला ऋतुजानं तोंड उघडलं, आणि कानामागे टिचकी बसली. टक्. ती दचकून थांबली.

“…काल मैदानावर सिद्धी पडली,” पालवी सांगू लागली. “म्हणजे ती पडली नाही, तिनं सूर मारला, पण सर म्हणाले…”

“लागलं का तिला?” टक्.

“…सर म्हणाले, सूर मारायचा तर पोटावर मार, हनुवटीवर नको, आणि मग सगळे हसले, पण सिद्धी नाही हसली, कारण तिचा दात…”

“नीट बस, बाहेर वाकू नकोस.” हे मात्र टिचकी बसायच्या आत निसटलं, आणि पालवी गप्प झाली.

घर येईपर्यंत ऋतुजाला टिचक्यांवर टिचक्या बसत होत्या. प्रत्येक वेळी तिच्या ओठांवर काहीतरी आलेलं असे, बहुधा सूचना, नाहीतर प्रश्न. एकदा तर हात फोनकडे निघाला म्हणून बसली. दारात कुलूप काढताना तिनं आपला अंक पाहिला. चव्वेचाळीस! तिला आधी राग आला, मग पट्टीत बिघाड असावा असं वाटलं, आणि मग पायरीवरच बसून ती इतकी हसली की पालवी घाबरून बघू लागली.

“काय झालं आई?”

“मला तुझ्याहून जास्त टिचक्या बसल्या गं! बस इथं. सिद्धीच्या दाताचं काय झालं ते सांग. मी मधे बोलले तर मला चिमटा काढ.”

पालवीनं तिच्याकडे संशयानं पाहिलं. मग सांगायला सुरुवात केली. गोष्ट दातावरून सिद्धीच्या आजोबांच्या कवळीवर गेली, तिथून पाण्याच्या टाकीवरच्या माकडावर आणि तिथून कशी कोण जाणे पुन्हा मैदानावर आली. ऋतुजाला मधे दोनतीनदा चिमटे बसले. पण गोष्ट पुरी झाली. आपल्या मुलीची एखादी गोष्ट शेवटपर्यंत आपण कधी ऐकली होती, हे तिला आठवेना.

“पण खो-खोत मला मज्जा येते,” पालवी शेवटी म्हणाली. “तिथं पट्टी काढून ठेवतात ना, घामानं बिघडते म्हणून. सर म्हणतात, माझा एकसुद्धा फाउल नसतो.”

“कसला फाउल?”

“खो मिळायच्या आधी उठलं की फाउल. मी कधीच उठत नाही.”

ऋतुजाला वाटलं, पोर काहीतरी फेकतेय. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ती नाझनीनला घेऊन मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिली.

मधल्या पाटीवर मुली एकीआड एक उलट्या तोंडांनी उकिडव्या बसल्या होत्या. पालवी शेवटून दुसरी. पळणारी मुलगी तिच्या नाकासमोरून गेली, इतक्या जवळून की हात लांबवला असता तर वेणी हातात आली असती. पालवीच्या पिंढऱ्या ताठ झाल्या, बोटं मातीत रुतली, अख्खं अंग बाणासारखं ताणलं गेलं, पण ते जागचं हललं नाही. पळणारी पुन्हा आली, वाकुल्या दाखवून गेली. पालवी बसलेलीच. मग मागून पाठीवर थाप पडली, “खो!” आणि ती अशी सुटली की पळणारीला वळायलाही जमलं नाही.

“बघितलंत?” नाझनीन कुजबुजली. “साय दिसली की हात जाणारी हीच का ती?”

“मग घरी का जमत नाही?”

“आवर ही उंचीसारखी गोष्ट नाही, की एकदा मोजली आणि झालं. मूल कशासाठी स्वतःला आवरतंय, त्यावर ती वाढते आणि घटते. पडद्यावरच्या फणसाशी पालवीला काय देणंघेणं? इथं नियम तिला मान्य आहे, मैत्रिणी तिच्यावर विसंबून आहेत, आणि खेळ तिला मनापासून हवाय. इथं माणूस सुकाणूवर आपण होऊन येतो.”

दोन दिवसांनी नाझनीननं घामानं न बिघडणारी, टिचकी काढून टाकलेली पट्टी बनवून आणली आणि पालवीला ती घालून खेळायला लावलं. अंक शहात्तरवर स्थिरावला.

त्या संध्याकाळी ऋतुजानं घरातली पट्टी डबीत घालून नाझनीनला परत केली. शोधवर्ग हुकला तर पालवी रडेल, हे तिला ठाऊक होतं. तिनं ते पालवीपासून लपवलंही नाही. पालवीनं ओठ चावत ऐकलं, मग म्हणाली, “पण टिचकी गेली तर मला घरी खो कोण देणार?”

“ते तूच शोधायचं,” नागेश म्हणाला. “शोधवर्गात जायचंय ना? मग हा पहिला शोध.”

पालवीनं आठवडाभर नुसता गोंधळ घातला. साय गेली, डबा विसरला, दुकानात लेन्स पुसायचं पाणी सांडलं. ऋतुजानं जीभ चावून चावून दिवस काढले. आणि मग एका सकाळी तिला स्वयंपाकघरातून पुटपुटणं ऐकू आलं. पालवी दुधाच्या पातेल्यासमोर मातीत बसावं तशी उकिडवी बसली होती आणि स्वतःशी बोलत होती. “बस. बसून राहा. आधी आईला विचारायचं. विचारलं? नाही. मग बस.” तिनं मान वर केली. “आई, साय खाऊ का?”

“खा.”

पालवीनं स्वतःच्या पाठीवर उलटा हात नेऊन थाप मारली, “खो!” आणि सायीवर झडप घातली.

नाझनीनला हे कळलं तेव्हा ती आनंदानं टाळ्या पिटत म्हणाली, “लहान मुलं स्वतःशी मोठ्यानं बोलतात ना, ते उगाच नसतं. बाहेरचा आवाज आत नेण्याचा तोच रस्ता. पुढे पुटपुटणं बंद होतं आणि नुसता विचार उरतो.”

मग घरात खोची साथच आली. पालवी अभ्यासाला बसण्याआधी स्वतःला खो द्यायची. रागानं ताट सरकवायला निघालेला नागेश स्वतःला खो देता देता थांबायचा. ऋतुजानं तर आगारात साहेबांवर ओरडण्याआधी मनातल्या मनात पाटीवर बसायची सवय लावून घेतली. उशांची मारामारी पुन्हा सुरू झाली, नियमांसकट, आणि नियम रोज बदलायचे. आज डाव्या हातानं, उद्या डोळे मिटून, परवा हसेल तो बाद. नागेश दर वेळी पहिला बाद व्हायचा. ऋतुजाच्या फोनवर आता अंक येत नव्हता. पहिले काही दिवस तिचा अंगठा रिकाम्या पडद्यावर जाई, मग तोही विसरला.

वर्षअखेरीची मोजणी शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होती. निम्मी मुलं टिचकीसकट बसली, निम्मी टिचकीशिवाय. तोवर संस्थेनं दोन्ही गटांची तुलना करून पाहायचं मान्य केलं होतं, ते नाझनीनच्या आग्रहामुळे. पालकांनी बाहेर थांबायचं होतं. ऋतुजा लिंबाच्या झाडाखाली बसली. आतून अचानक आरडाओरडा ऐकू आला, बाकं सरकल्याचे आवाज आले, एक शिक्षिका “अरे बसा, बसा!” म्हणत धावत गेली. मग एकाएकी सगळं शांत झालं. इतकं शांत की बाहेरचे पालक एकमेकांकडे बघू लागले. थोड्या वेळानं टाळ्या वाजल्या.

मुलं बाहेर आली तेव्हा पालवी सगळ्यांत पुढे धावत आली. तिचे केस विस्कटले होते आणि गालाला जळमट लागलं होतं.

“आई, बुलबुल आला होता! हॉलमध्ये!”

ऋतुजाच्या ओठांवर प्रश्न आला, पेपर पुरा झाला का? तिनं तो तिथंच बसवून ठेवला. “मग?”

“मग तो वर गोल गोल उडायला लागला आणि पंखे चालू होते! सगळी मुलं उठली आणि ओरडायला लागली, म्हणून तो आणखी घाबरला. मला पण उठावंसं वाटलं. पण मी म्हटलं, बस. आधी काय? आधी पंखा. मग मी स्वतःला खो दिला आणि पळत जाऊन पंखे बंद केले. मग बाकावर उभी राहून ओरडले, सगळे पाटीवर बसा, खो दिल्याशिवाय कुणी उठायचं नाही! आणि ते बसले गं आई! बाई पण बसल्या!”

मागून नाझनीन येत होती. तिच्या हातात अंकांची पाटी होती आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. ती तोंड उघडणार तोच ऋतुजानं हात वर करून तिला थांबवलं.

“मग मी दिवे घालवले,” पालवी पुढे म्हणाली, “आणि एकच खिडकी उघडली, मागची, मोठी. म्हणजे उजेड तिथूनच येईल. आणि मग आम्ही वाट बघितली. खूप वाट बघितली. सिद्धीला शिंक आली, ती पण तिनं दाबली. मग तो पडद्याच्या दांडीवर बसला, मान अशी केली, अशी, आणि भुर्रकन गेला!” ती थांबली. मग हळूच म्हणाली, “पण आई, माझी परीक्षा अर्धी राहिली. पडद्यावर आलं, खेळ सोडला, गुण शून्य.”

ऋतुजानं नाझनीनकडे पाहिलं.

“त्या भागात शून्यच आहे,” नाझनीन म्हणाली. “पण पट्टी डोक्यावर होती ना, टिचकीशिवायची. पंखे बंद केल्यापासून पाखरू बाहेर जाईपर्यंतची रेघ मुख्याध्यापकांना दाखवून आले. इतकी वर गेलेली रेघ मी आजवर कुणाचीच पाहिली नाही. टिचकीवाल्यांत तर तशी एकही नाही. सर म्हणाले, उरलेला भाग उद्या घ्या. आणि म्हणाले, पुढच्या वर्षीपासून मोजणी पडद्यावर कशाला, मैदानावरच घ्या.”

“म्हणजे शोधवर्ग?” पालवीनं विचारलं.

“उद्याचा भाग कसा जातो त्यावर. पण पट्टी सुटली, हे आजच सांगते.”

पालवीनं विचार केला. तिचे ओठ हलले, काहीतरी पुटपुटली. मग म्हणाली, “आई, उद्या फणस आला तर मी म्हणेन, तो पाखरू आहे. घाबरवायचं नाही त्याला.”

ऋतुजाला एकदम भरून आलं. पोरीला उचलून घ्यावं, मुके घ्यावेत, नागेशला फोन करावा, पेढे आणावेत, असं सगळं एका दमात मनात आलं. पालवीनं मात्र एक बोट वर केलं होतं. तिचं सांगून झालं नव्हतं.

“आणि आई, बुलबुल गेल्यावर बाई काय म्हणाल्या माहितीय?”

“काय म्हणाल्या?” ऋतुजा म्हणाली, आणि मांडी घालून मातीतच नीट बसली.